मधलं नाव

मराठी मुलाच्या नावापुढे बापाचं नाव लागतं. शाळेचा दाखला, रेशनकार्ड, लोकलचा पास, जिथे जावं तिथे ते आधीच येऊन बसलेलं असतं. म्हणून 'कोल्हाट्याचं पोर' हातात आलं तेव्हा मी मुखपृष्ठावरच थांबलो. किशोर शांताबाई काळे. मधोमध आई.

१९९४ साली 'ग्रंथाली'नं काढलेलं हे आत्मकथन मी कल्याणच्या सार्वजनिक वाचनालयातून आणलं होतं. शांताबाई तमाशात नाचणाऱ्या. मुलींच्या कमाईवर पुरुषांनी बसून खायचं, असं ते घर. पोराचा बाप बाजूला झालेला. पुढे आई दुसऱ्या एका माणसाबरोबर त्याच्या गावी निघून गेली आणि लहानगा किशोर आजोबांच्या घरी राबत, मार खात राहिला. तिथून तो मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजापर्यंत पोचला, डॉक्टर झाला. २००७ साली अपघातात गेला, अगदी तरुण वयात. त्याच्या डॉक्टर होण्याचं कौतुक पुष्कळ झालं. मला त्याचा आईवरचा राग जास्त भिडला. ती मला टाकून गेली, हे तो लपवत नाही, सावरून घेत नाही. आणि तरी पुस्तकावर तिचंच नाव घालतो. राग आणि नाव, दोन्ही एकाच माणसाचं. वाचताना मला पहिल्यांदा वाटलं की या दोन गोष्टी एका छातीत मावतात, त्यासाठी एकीला बाहेर काढावं लागत नाही.

हे मला कुणी लहानपणी सांगायला हवं होतं. त्या वयात माझ्या हातात 'श्यामची आई' होतं. आमच्या चाळीत बहुतेक घरांत ते होतं. बक्षीस म्हणून मिळायचं, मुंजीत मिळायचं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ज्या जिव्हाळ्यानं ते लिहिलं, त्याबद्दल मला आजही आदर आहे. पण आपण त्या पुस्तकाची मोजपट्टी केली, हे मला खरंच खटकतं. ज्याची आई कावलेली, दमलेली, तोंड फिरवून झोपणारी असेल, त्या मुलानं ते मिटलं की काय उरतं? एक तर आई कमी पडली, नाही तर आपण. वास्तविक गुरुजींनी सगळं लिहून ठेवलंय. पोहायला घाबरून लपलेल्या श्यामला मारत बाहेर काढणारी आई त्यात आहे. भाऊबंदांनी घराबाहेर काढलेलं, कर्जात बुडालेलं कुटुंब आहे. सावकाराच्या माणसापुढे मान खाली घालणारे वडील आहेत. शेवटी मुलगा पोचण्याआधीच आई गेलेली आहे. एवढं दुःख असलेल्या पुस्तकातून आपण फक्त संस्कार तेवढे वेचून घेतले.

माझे वडील परळच्या एका गिरणीत विणकाम खात्यात होते. आम्ही डोंबिवली पूर्वेला, चाळीत एका खोलीत. पहिली पाळी असली की ते अंधारातच बाहेर पडत, दुसरी असली की आम्ही झोपल्यावर येत. बाप म्हणजे दांडीवरचा शर्ट आणि पितळी डबा, एवढीच माझी ओळख. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले, आणि बाप दिवसा कसा दिसतो हे मला तेव्हा कळलं. पहिले काही दिवस बरे गेले. मग ते बोलायचे थांबले. आई पोळीभाजी केंद्रात लाटायला जाऊ लागली, तिच्या पैशानं भाजी आली की ते जेवताना ताटाकडेच बघत. मी गणितात नापास झालो, एकदा दूध सांडलं, एकदा काहीच केलं नव्हतं. पट्टा त्या तिन्ही वेळा निघाला. एका खोलीत मुलाला रडायला जागा नसते. मी जिन्याखाली जाई. तिथे शेजारच्या घरातलंही ऐकू येई, आणि त्याही घरात तेच चाललेलं असे. तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. वडिलांचं बोलणंही पुन्हा पूर्ववत झालं नाही.

प्रकाश नारायण संतांचा लंपन मला उशिरा भेटला. त्याला कुणी मारत नाही, उपाशी ठेवत नाही. आईवडील आणि बहिणी दुसऱ्या गावी, हा आजी-आजोबांजवळ. शेत, शाळा, मित्र, गाणं, मैत्रीण सुमी, सगळं भरलेलं. कानडी हेल असलेल्या त्या बेळगावकडच्या मराठीत तो इतका आनंदानं बोलतो की त्याच्या गोष्टी गोड आठवणी म्हणून वाचल्या जातात. पण पहिल्या पुस्तकाचं नाव 'वनवास' आहे. प्रेमळ घरातसुद्धा मुलगा हद्दपार असू शकतो, हे इतक्या हलक्या हातानं मराठीत दुसऱ्या कुणी लिहिलेलं माझ्या वाचनात नाही. संत १९३७ सालचे. वडील, ना. मा. संत, १९४६ साली गेले. आई कवयित्री इंदिरा संत. मुलगा आजोळी दत्तक गेला, कागदोपत्री भालचंद्र गोपाळ दीक्षित झाला, कऱ्हाडला त्याच नावानं भूगर्भशास्त्र शिकवत राहिला. 'वनवास' १९९४ साली पुस्तकरूपानं आलं तेव्हा ते सत्तावन्न वर्षांचे होते, आणि त्यावर नाव होतं जन्माचं: नारायण मधे, संत शेवटी. त्यांच्या मृत्यूनंतर निघालेल्या 'झुंबर'मध्ये लंपनचे वडील जातात. नऊ वर्षांच्या पोराचं जे राहून गेलं होतं, त्याला एवढा वळसा घ्यावा लागला. योगायोग असा की किशोर काळ्यांचं पुस्तकही 'वनवास'च्याच वर्षीचं. एकानं आईचं नाव मधे आणलं, एकानं गेलेल्या बापाचं परत आणलं.

आनंद यादवांची 'झोंबी' मी वडिलांना वाचायला दिली. ते तेव्हा निवृत्तही नव्हते आणि नोकरीतही नव्हते. गिरणी बंद पडलेल्या माणसाला धड निवृत्तीही मिळत नाही. ते मूळचे गडहिंग्लजकडचे, यादव कागलचे. भाषा त्यांना घरची. शाळेसाठी जीव टाकणारा पोर, त्याला उसाच्या पाण्याला जुंपणारा, हात उगारणारा बाप, आणि नवऱ्याला चुकवून गावच्या प्रतिष्ठित माणसाकडे गाऱ्हाणं घेऊन जाणारी आई. मला वाटलं होतं, हे वाचून ते माझ्याकडे बघतील. त्यांनी पुस्तक सावकाश, बरेच दिवस लावून वाचलं. मग म्हणाले, "पोरगं साळंत गेल्यावर पाणी कुणी पाजायचं? त्या बापाचं कोण लिवनार?"

मी तेव्हा चिडलो. यादवांनी लिहिलंय की बाप स्वतः गावात हिंडायचा आणि पोर रानात राबायचा. ते वडिलांच्या डोळ्यांखालून गेलंच असणार. पण ते वाचत होते दुसऱ्याच बाजूनं. सातवीत त्यांना शाळेतून काढून मुंबईला पाठवलं होतं, हे मला त्यानंतर आत्याकडून कळलं. त्यांनी स्वतः कधी सांगितलं नाही. त्यांचा पट्टा मी विसरलेलो नाही, विसरायचं ठरवलेलंही नाही. मात्र 'झोंबी' पुन्हा वाचतो तेव्हा त्यातल्या बापाच्या, रतनाप्पाच्या ओळींवर मी आता थांबतो. यादवांनी बापाला माफ केलं नाही आणि राक्षसही केलं नाही. त्याच्या रागामागचं दारिद्र्य त्यांनी त्याच नजरेनं मांडलं, जिनं त्याचा मार मांडला.

गिरणीवाल्या घरांतल्या मुलांचं काय झालं, ते जयंत पवारांनी 'अधांतर'मध्ये रंगमंचावर आणलं. पण ते गिरणगाव. परवडत नाही म्हणून रुळाच्या कडेनं सरकत डोंबिवली, दिवा, टिटवाळा, बदलापूरला आलेल्यांची गोष्ट मला कमीच सापडते. शं. ना. नवरे आयुष्यभर डोंबिवलीत राहिले, पु. भा. भावे इथले, शन्नांनी मध्यमवर्गी घरातली कोंडी फार नेमकी लिहिली. पण त्यांच्या कथांतल्या घरांना बहुधा आतली खोली असते. मात्र जवळच ठाण्यात २०१० साली साहित्य संमेलन झालं, तेव्हा अध्यक्षपदी उत्तम कांबळे होते. लहानपणी मोलमजुरी केलेला, आईवर 'आई समजून घेताना' हे पुस्तक लिहिलेला माणूस. त्या नावातलं 'समजून घेताना' मला फार आवडतं, कारण त्यात ते काम अजून चालू आहे.

आता आमच्या त्या चाळीच्या जागी टॉवर आहे. संध्याकाळी लिफ्टमध्ये क्लासहून येणारी मुलं भेटतात, काहींच्या गळ्यात घराची किल्ली. बाप अजूनही नऊच्या पुढे येतो, आता आईही. एक जण रोज आपल्या मजल्यावर उतरत नाही, वर-खाली करत राहतो. घरात काय आहे मला माहीत नाही, विचारण्याइतकी ओळख नाही. मी त्याला 'वनवास' दिलं. त्यानं नाव वाचून विचारलं, रामाचं आहे का? मी म्हटलं, नाही, तुझ्याएवढ्या मुलाचं आहे.