ठसा आणि किल्ली

गेली दोन वर्षे मी ब्लॉगवर लिहिते आहे. वाचक जेमतेम चौदा, त्यांतले दोन घरचेच! तरीही तिथल्या दाराला कुलूप लावावेच लागते. परवलीचा शब्द ही त्याची किल्ली. मैत्रिणी हसतात, "तुझ्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?" आहे ना. माझे नाव आहे. किल्ली दुसऱ्याच्या हाती पडली तर माझ्या ओळींच्या शेजारी तो वाटेल ते लिहून ठेवील, आणि वाचणारा ते माझेच समजेल.

म्हणून या कुलपाची कुळकथा मी शोधू लागले.

१९६६ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत एकच संगणक पुष्कळ जण मिळून वापरीत. एके दिवशी दोन फायलींची अदलाबदल झाली आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला स्वागताच्या मजकुराऐवजी सगळ्यांचे परवलीचे शब्द दिसू लागले. चाळीच्या जिन्यात साऱ्या बिऱ्हाडांच्या किल्ल्या टांगाव्यात, तसे! त्याच दशकात इंग्लंडमध्ये केंब्रिजच्या रॉजर नीडहॅम यांनी तोड काढली. शब्द साठवूच नये, त्याचा ठसा साठवावा. शब्दावरून ठसा निघतो. ठशावरून शब्द निघत नाही. पिठाचे पुन्हा दाणे कुठे होतात?

आणि योगायोग पाहा. ब्लॉग लिहिण्यासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या 'वर्डप्रेस'मधली फट नोव्हेंबर २००७ मध्ये दाखवून दिली ती केंब्रिजच्याच स्टीव्हन मर्डॉक यांनी. त्यांच्या गटाचा ब्लॉग नुकताच कुणी फोडला होता. वर्डप्रेस शब्दाचा ठसाच ठेवी, हे खरे. पण लेखकाला वरचेवर शब्द लिहावा लागू नये म्हणून ते त्याच्या संगणकावर एक चिठ्ठी ठेवून देई, आणि त्या चिठ्ठीवर असे साठवलेल्या ठशाचाच आणखी एक ठसा. म्हणजे कोठारातला ठसा ज्याला मिळाला, त्याने तो आणखी एकदा दळला की खरीखुरी चिठ्ठी तयार! मूळ शब्द कळण्याची गरजच नाही. जो ठसा किल्ली लपवण्यासाठी होता, तोच किल्ली होऊन बसला.

शिवाय एका शब्दाचा ठसा सगळीकडे सारखाच. घुसखोराने मागे सोडलेला ठसा मर्डॉकनी गूगलवर शोधला, तर त्याचा शब्द सापडला : 'अँथनी'. यावर उपायही जुनाच आहे. दर शब्दात वेगळी चिमूट मिसळायची, मग ठसे जुळत नाहीत. या चिमटीला 'मीठ' म्हणतात. मॉरिस आणि थॉम्प्सन यांनी ते १९७९ मध्येच छापून सांगितले होते. वर्डप्रेसच्या पिठात मीठ पडले आणि चिठ्ठीची रीत बदलली ती मार्च २००८ मध्ये, २.५ या आवृत्तीत. एकोणतीस वर्षे! ग्रंथालयात पुस्तक असूनही कुणी उघडू नये, तशातली ही गत. याचा मला राग येतो.

हे सारे मी एका मैत्रिणीला सांगितले. ती कविता करते, वहीत. "आपले बरे आहे बाई," ती म्हणाली, "वहीला कुलूपच नाही." मी विचारले, "आणि उद्या तुझ्याच अक्षरात कुणी पुढचे पान लिहिले तर?"

तिने वही पिशवीत घातली.