जुन्या घरातलं भूत आणि बंद खोलीतली शेगडी

भुताची तक्रार घेऊन दवाखान्यात कोणी येत नाही, असं तुम्हाला वाटत असेल. येतात. आधी "डॉक्टर, झोप लागत नाही" म्हणतात, मग सोबतचा माणूस बाहेर गेला की हळूच सांगतात, रात्री छातीवर कोणीतरी बसतं. घर जुनं असलं की दोष घराला!

पुण्याच्या शनिवारवाड्याचं तुम्ही ऐकलंच असेल. ३० ऑगस्ट १७७३ ला गारद्यांनी तिथे नारायणराव पेशव्यांना मारलं. वय जेमतेम अठरा. रात्री अजून "काका, मला वाचवा" अशी हाक येते म्हणतात. आतला वाडा १८२८ च्या आगीत जळाला, हाक मात्र टिकली. मी त्या गोष्टीची चेष्टा करणार नाही. पण तुमच्या खोलीतल्या भुताची चौकशी मी वेगळी करतो.

छातीवर बसणारं भूत बहुधा झोपेतला लकवा असतो. स्वप्नं पडताना मेंदू हातपाय सैल ठेवतो. कधी जाग आधी येते, अंग मागाहून सुटतं, आणि तेवढ्यात स्वप्नातला माणूस खोलीत दिसतो. कोराडीत वीज केंद्रामुळे रात्रपाळी घरोघरी माहीत आहे. अपुऱ्या झोपेनं हे वाढतं, जिवाला धोका नसतो.

दुसरं भूत मात्र जीव घेतं. १९२१ साली अमेरिकेतले नेत्रतज्ज्ञ विल्यम विल्मर यांनी एका कुटुंबाची हकिकत छापली. जुन्या मोठ्या घरात राहायला गेल्यावर त्यांची डोकी दुखू लागली, रिकाम्या खोल्यांत पावलं वाजू लागली, काळ्या कपड्यातली बाई दिसू लागली. मुलं निस्तेज झाली, कुंड्यांतली झाडंही सुकली. कारण निघालं तळघरातली बिघडलेली भट्टी. तिचा कार्बन मोनॉक्साइड घरात पसरत होता.

हा वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. त्याला वास नाही, रंग नाही. आपल्याकडे डिसेंबरात दारं-खिडक्या लावून कोळशाची शेगडी खोलीत घेतात, किंवा झरोका नसलेल्या न्हाणीघरात गॅसचा गीझर लावतात. तिथेही हाच वायू साठतो.

तेव्हा मी आधी विचारतो: घरातल्या सगळ्यांचंच डोकं दुखतं का? बाहेर गेल्यावर बरं वाटतं का? उत्तर "हो" असेल तर शेगडी किंवा गीझर बंद करा, सगळ्यांना मोकळ्या हवेत आणा आणि लगेच रुग्णालय गाठा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेतही तो ९८ दाखवू शकतो.