विझण्यासाठी पेटवलेला दिवा

मुंबईची ट्राम १९६४ साली बंद झाली. त्यानंतर मी ट्राममध्ये बसलो तो थेट हिरोशिमाला! ६ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी सव्वाआठला या शहरावर अणुबाँब पडला आणि तीनच दिवसांत इथल्या एका मार्गावर ट्राम पुन्हा धावू लागली. माणसाची जात चिवट खरी!

नदीकाठी घुमटाचा तो प्रसिद्ध सांगाडा उभा आहे. पूल ओलांडून शांतिउद्यानात गेलो. तिथे एक ज्योत तेवत होती. आपल्याकडच्या नंदादीपाची आठवण होऊन मी जवळ उभ्या असलेल्या आजीबाईंना कौतुकाने विचारले, "ही कधी विझत नाही ना?"

माहिती सांगायला रोज येणाऱ्या त्या बाई मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या, "विझावी म्हणूनच तर वाट पाहतो आहोत."

मी चपापलो. जगातले शेवटचे अण्वस्त्र नष्ट होईपर्यंत तेवत ठेवायची, या निश्चयाने १ ऑगस्ट १९६४ रोजी ती पेटवलेली आहे.

हे भाबडे स्वप्न म्हणावे, तर १९८६ च्या सुमारास जगात ७०,००० च्या आसपास अण्वस्त्रे होती. आज ती सुमारे १२,००० आहेत. दक्षिण आफ्रिकेने तर आपले सहाही बाँब स्वतःच मोडून टाकले. २०१७ साली १२२ देशांनी अण्वस्त्रबंदीचा करार मंजूर केला, २०२१ मध्ये तो अमलातही आला. पण ज्यांच्याजवळ बाँब आहेत त्यांपैकी एकाचीही त्यावर सही नाही. आपली नाही, आणि नवल म्हणजे जपानचीही नाही!

"आपण कुठले?" बाईंनी विचारले. "भारतातला," म्हणालो. त्यांनी हसून हात जोडले. मला मात्र मे १९९८ आठवला. पोखरणची बातमी आली तेव्हा आमच्या गल्लीत पेढे वाटले होते. मीही दोन खाल्ले होते, आणि ते गोडच लागले होते. बाईंना हे सांगायचे धैर्य मला झाले नाही.

आपल्या घरात देवापुढचा दिवा 'विझला' म्हणायची चोरी. 'शांत झाला' म्हणायचे. यंदा लक्ष्मीपूजनाला अंगणात पणत्या लावताना त्या ज्योतीची आठवण होईल. पणत्या रात्रभर तेवोत असे नेहमीप्रमाणे म्हणेनच. पण दूरची ती एक ज्योत मात्र लवकर शांत होवो, असेही मनात म्हणेन.