मोटारीच्या गादीचा कुलवृत्तांत

अमेरिकेतल्या पेन्सिल्व्हेनिया राज्यात हर्शी नावाचे एक गाव आहे. चॉकलेटवाल्या मिल्टन हर्शीने १९०५ साली येथे आपला कारखाना सुरू केला आणि कारखान्याभोवती गाव वसवले. मुख्य रस्त्याचे नाव चॉकलेट अव्हेन्यू, दुसऱ्याचे कोको अव्हेन्यू! रस्त्यावरचे दिवेसुद्धा हर्शीच्या त्या टोकदार, मोदकासारख्या दिसणाऱ्या चॉकलेटच्या घाटाचे; काही चंदेरी कागदात गुंडाळलेले, काही सोललेले. असले गाव खरे म्हणजे बालगोपाळांनी पाहावे. पण ऑक्टोबर महिन्यात तेथे गर्दी उसळते ती साठी-सत्तरी उलटलेल्या मंडळींची, आणि ती येतात जुन्या मोटारींसाठी. १९३५ साली स्थापन झालेल्या ‘अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका’ या संस्थेचा हा शरद ऋतूतला मेळावा. तो येथे पहिल्यांदा भरला १९५५ मध्ये.

मोटारीतले मला काय कळते? क्लच आणि ब्रेक यांतला फरक कळतो, इतकेच. पण माझा भाचा शेजारच्या हॅरिसबर्गला नोकरीला आहे. तो म्हणाला, “मामा, तुम्ही पोथ्यांतले पाठभेद लावत बसता ना, मग हे तुम्हांला आवडेल. इथं लोक गाद्यांचे पाठभेद लावतात.”

मला ती थट्टा वाटली. ती थट्टा नव्हती.

मैदानावर मोटारी ओळीने उभ्या असतात. निदान पंचवीस वर्षे वयाची मोटार येथे येऊ शकते. परीक्षकांची तुकडी एकेका गाडीपाशी जाते. कुणाकडे इंजिन, कुणाकडे बाहेरचे अंग, कुणाकडे सांगाडा आणि कुणाकडे आतले गादीकाम. पूर्ण गुण चारशे. चूक दिसेल तसे त्यांतून गुण वजा होतात. परीक्षक गाडीला हात लावत नाही. दार उघडायचे ते मालकाने. परीक्षकाने वाकून, मान आत घालून, काय दिसते ते काही मिनिटांत पाहायचे. कसोटी एकच : विक्रेत्याच्या दुकानातून ही गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली, त्या दिवशी ती जशी होती तशी आज आहे काय?

‘तशी’ या शब्दावर सारा भर आहे. ‘त्याहून चांगली’ चालत नाही. एका गृहस्थांनी कापडी गाद्या काढून तेथे लोण्यासारखे मऊ चामडे बसवले होते. खर्च विचारायलाच नको. परीक्षकाने हसतमुखाने गाडीची तारीफ केली आणि हसतमुखानेच गुण कापले. गृहस्थांचा चेहरा, एम. ए.च्या परीक्षेत सुंदर अक्षरात भलत्याच प्रश्नाचे उत्तर लिहिणाऱ्या विद्यार्थ्यासारखा झाला.

गंमत अशी की, या जुन्या गाड्यांत इंजिनापेक्षा गादीचे कापड दुर्मिळ असते. त्याचे कारण अमेरिकन धंद्याच्या एका युक्तीत आहे. जनरल मोटर्सच्या आल्फ्रेड स्लोनने ओळखले की, धडधाकट मोटार असलेल्या माणसाला नवी विकायची तर जुनी त्याला जुनी वाटली पाहिजे. म्हणून दर वर्षी नवे रूप! १९२७ साली त्या कंपनीने हार्ले अर्ल या माणसाच्या हाताखाली रंगरूपाचे स्वतंत्र खातेच काढले. आता पत्र्याचे साचे दर वर्षी बदलणे महाग. कापडाची नक्षी बदलणे त्यामानाने स्वस्त. तेव्हा एका सालासाठी एक नक्षी विणायची आणि साल संपले की माग दुसऱ्या नक्षीला लावायचा. इंजिने वर्षानुवर्षे तीच ओतली जात. कापड मात्र एका हंगामाचे, लग्नसराईतल्या साड्यांसारखे.

आणि त्या कापडांत काय कमी प्रकार होते? पूर्वीच्या बड्या गाड्यांत पुढे ड्रायव्हर उघड्यावर बसे, म्हणून त्याच्या बुडाखाली पावसाला दाद न देणारे चामडे; मागे धनीण बसे ती उंची लोकरी कापडावर. आज चामडे म्हणजे श्रीमंती असे आपण धरून चालतो. त्या वेळी ते नोकराचे आसन होते! मग बंद गाड्या आल्या आणि अंगोरा बकरीच्या लोकरीचे, मखमलीगत लव असलेले मोहेर आले. फोर्डसाहेबांनी तर गिअरच्या दांड्याची मूठ आणि हॉर्नचे बटण सोयाबीनपासून केलेल्या प्लॅस्टिकचे बनवून पाहिले. दुसऱ्या महायुद्धानंतर नायलॉन, व्हिनिल आणि कापडातून चमकणारी जर. १९५५ साली डॉज कंपनीने खास स्त्रियांसाठी ‘ला फाम’ नावाची गाडी काढली. तिच्या गाद्यांवर गुलाबाच्या कळ्या विणलेल्या, आणि पुढच्या सीटच्या पाठीमागे कप्पा करून त्यात ठेवलेली गुलाबी पर्स. स्त्रियांनी त्या गाडीकडे फारसे लक्ष दिले नाही. दोन वर्षांत ती बंद झाली आणि ते कळ्यांचे कापडही गेले.

मग खरे-खोटे ओळखायचे कसे? पहिला पुरावा जन्मपत्रिकेचा. जनरल मोटर्सच्या गाड्यांना इंजिनामागच्या पडद्यावर एक लहानशी पट्टी असे. तीवर सांगाड्याचा नंबर, रंगाचा आकडा आणि गादीकामाचा आकडा ठोकलेला. तो आकडा घेऊन विक्रेत्यांना मिळणाऱ्या नमुन्यांच्या वह्या पाहायच्या. त्यांत कापडाचे खरे तुकडे चिकटवलेले असत. असली कागदपत्रे सांभाळणारे एक ग्रंथालय या क्लबने हर्शीतच चालवले आहे. परीक्षकाने शंका घेतली तर पुरावा दाखवण्याची जबाबदारी मालकाची.

पण पत्रिका जुळली म्हणून माणूस तोच, असे थोडेच आहे? खरा शोध गाडी घरी उघडून पाहताना लागतो. उन्हाने वरचे कापड विटते, पण हात ठेवायच्या टेकूखाली, गादीच्या मुडपलेल्या कडेत, खिडकीच्या पट्टीआड मूळचा रंग जिवंत असतो. युद्धापूर्वीच्या गाडीत कापड बारीक चुकांनी ठोकलेले असायचे. तेथे स्टेपलच्या पिना दिसल्या की समजावे, मागाहून कुणाचा तरी हात फिरला आहे. गादीच्या पोटात तरट आणि कापसाची लादी असली तर ठीक. पिवळा नवा फोम निघाला तर संपलेच. दारांच्या आतल्या व्हिनिलवरच्या रेघा १९५०च्या दशकात पुष्कळदा शिवलेल्या नसत. विजेच्या उष्णतेने दाबून त्या उठवलेल्या असत. नवा कारागीर इमानाने, सुबक टाके घालून तेथे शिलाई मारतो आणि त्या सुबकपणानेच पकडला जातो. मगजीची जाडी, टाक्यांतले अंतर, दाराच्या चौकटीभोवतीचा कापडी गोट, या सगळ्यांची साक्ष निघते. मला आमच्या पोथ्यांतले लेखनिक आठवले. अडाणी लेखनिकाच्या चुका लगेच दिसतात. घोटाळा करतो तो विद्वान लेखनिक.

या साऱ्या थाटामाटात एका कडेला एक गाडी उभी होती. १९५१ सालची नॅश अँबॅसडर. आपल्या अँबॅसडरशी हिचे नाते फक्त नावाचे. नॅश कंपनी त्या काळी रेफ्रिजरेटरवाल्या केल्व्हिनेटरशी एक झालेली होती, आणि तिच्या गाड्यांच्या पाठी पाडल्या की सीटचा चक्क बिछाना होई. आतली कापडे आणि रंग ठरवणारी होती हेलेन रोदर नावाची बाई. महायुद्धात ही लहान मुलीला घेऊन फ्रान्समधून निसटली, १९४३ साली डेट्रॉइटला जनरल मोटर्समध्ये लागली आणि पुढे नॅशच्या गाड्यांचे अंतरंग सजवू लागली. मोटारधंद्यात त्या वेळी बायका कितीशा होत्या?

गाडीची मालकीण पंचाहत्तरीच्या पुढची. गाडी तिच्या वडिलांनी नवी घेतलेली. घेतल्याबरोबर त्यांनी गाद्यांवर पारदर्शक प्लॅस्टिकच्या खोळी चढवल्या होत्या, आणि त्या अलीकडेच काढल्या. (आपल्याकडेही फियाटच्या गाद्यांवरचे प्लॅस्टिक फाटेपर्यंत न काढणारे काका घरोघर होतेच की!) खोळींखाली कापड बहुतेक नव्यासारखे राहिले होते. फक्त ड्रायव्हरच्या जागी प्लॅस्टिक तडकले होते आणि तेथे हाताच्या पंजाएवढी दोन भोके पडून आतला कापूस दिसत होता. दाराच्या टेकूवर एक खोलगट, तुळतुळीत डाग. “डॅडींचं कोपर,” ती म्हणाली.

बरोबर नातू होता. त्याचे म्हणणे सरळ होते : गादीवाल्याशी बोलणे झाले आहे, जवळपास तसेच कापड मिळते, सगळे नवे करू, आजीला नीट बसता येईल आणि बक्षीसही मिळेल. त्याचे चुकले असे मी म्हणणार नाही. गाडी बसण्यासाठी असते. शिवाय कसर लागलेल्या, उंदरांनी पोखरलेल्या कापडाला केवळ जुने म्हणून ओवाळण्यात अर्थ नाही.

शेजारी एक वयस्कर परीक्षक उभे होते. त्या दिवशी त्यांच्याकडे काम नव्हते. ते नातवाला म्हणाले, “नवी करायची तर केव्हाही करता येईल. आज नाही, दहा वर्षांनी कर. पण एकदा हे उसवून फेकलंस, तर पुढं दुसऱ्या कुणाला आपल्या नॅशसाठी कापड विणून घ्यायचं झालं तर त्यानं नमुना कुठला बघायचा?” मग त्यांनी सांगितले की, मूळचा साज टिकवलेल्या गाड्यांसाठी क्लबचा निराळा वर्ग आहे. त्यात चकचकीतपणाला किंमत नाही. जे उरले आहे ते अस्सल आहे काय, एवढेच पाहतात.

भाच्याने माझ्याकडे पाहिले. माझ्या डोक्यात ज्ञानेश्वरी होती. नाथांनी १५८४ साली तिची प्रत शुद्ध केली. ते काम इतके नामी झाले की पुढे तीच सर्वत्र चालली, आणि जुन्या प्रती मागे पडल्या. मग १९०९ साली राजवाड्यांनी नाथांच्या आधीची म्हणून एक प्रत छापली तेव्हा विद्वानांत केवढे वादंग माजले! नाथांचे उपकार आहेतच. पण त्यांच्यासमोर कोणत्या पोथ्या होत्या, त्या आज पाहायला मिळाल्या असत्या तर? वाईट दुरुस्तीने मूळ झाकले जाते, चांगल्या दुरुस्तीने ते विसरले जाते. मला दुसऱ्याची भीती जास्त वाटते.

आपल्याकडे हा प्रश्न उरलाच नाही म्हणा. १९२८ साली जनरल मोटर्सने मुंबईत शिवडीला मोटारी जोडण्याचा कारखाना काढला, तो १९५४ पर्यंत चालला. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्याला डॉज, प्लिमथ, डिसोटो जोडल्या. त्यांतल्या कितीतरी पुढे टॅक्सी झाल्या, लग्नाच्या वराती वाहत्या झाल्या. मुंबईचा पावसाळा आणि लोकरी कापड यांचे कधी जमायचे! आपल्या गादीवाल्यांनी काथ्या भरला, वर रेक्झिन ताणले, आणि गाड्या रस्त्यावर ठेवल्या. पोटासाठी धावणाऱ्या गाडीला कुलवृत्तांत परवडत नाही, त्याचा त्यांना दोष कसा देणार? पण आज एखादी तसली डॉज मूळ रूपात उभी करायची म्हटले, तर नमुन्यासाठी शेवटी याच हर्शीच्या बाजारात यावे लागेल.

तो बाजार म्हणजे अफाट प्रकरण. हजारो गाळे. कुठे दिव्यांच्या काचा, कुठे नुसती दारांची हँडले. दुपारी आम्ही तेथे फिरत होतो, तर एका कापडवाल्याच्या गाळ्यावर त्याच आजीबाई! पर्समधून त्यांनी पातळ कागदात गुंडाळलेला बोटभर तुकडा काढला; गादीच्या खालच्या कडेचा असावा. म्हाताऱ्या दुकानदाराने तो उन्हात नेला, उलटा केला, भिंगाखाली धरून धागे मोजले. दोन तागे काढून शेजारी धरले. मला तर एक अगदी हुबेहूब वाटला.

“नाही,” तो म्हणाला, “ह्याची रेघ दोन धाग्यांची आहे. तुमची तीन.” मग खालच्या खणातून त्याने करड्या लोकरी दोऱ्याची रिळे काढली. “भोकांच्या कडा तेवढ्या रफू करून घ्या. पुढं उसवणार नाही.”

आजीबाईंनी दोन रिळे घेतली. पैसे नातवाने दिले.