आजीचा लिंब आणि आकाशातलं नेट

हुतात्मा एक्स्प्रेसनं सोलापूरला उतरलात, की पहिलं टेन्शन असतं, शेंगा चटणी आत्ता घ्यायची की जाताना? माझं टेन्शन वेगळं होतं. सोमवारचा १० वाजताचा कॉल मंगळवेढ्याच्या रानातल्या घरून लागेल का? बाबांचं ऑपरेशन झालेलं, आईला एकटीला झेपेना. बॉस म्हणाला, "नेट चाललं तर महिनाभर तिथूनच काम कर." म्हणजे सगळा खेळ नेटवर!

मंगळवेढा म्हणजे ज्वारीचं कोठार. नजर जाईल तिथवर काळं रान. मोबाइलची एकच कांडी, केबल आलेलीच नाही. म्हणून काकांनी माळवदावर सॅटेलाइटची डिश बसवलेली. पण कॉल लागला, की पलीकडचे चेहरे गोठायचे.

थोडं गणित करू या. हा उपग्रह विषुववृत्तावर, सुमारे ३६,००० किलोमीटर उंच. आपला प्रश्न वर जाणार, खाली येणार, उत्तरही तसंच फिरून येणार. झाले जवळपास दीड लाख किलोमीटर. प्रकाशाच्या वेगानंही अर्धा सेकंद जातोच. तो कुणाच्या बापाला कमी करता येत नाही. पण घरातली गळती?

शनिवारी मी माळवदावर चढलो. "काय करलालास रे वर?" काका खालून ओरडले. दक्षिणेला, डिशच्या अगदी तोंडासमोर आजीनं लावलेला लिंब! वारा आला, की फांदी मधे. शिवाय माळवदाच्या मातीत खांब हलत होता, आणि डिश जराशी हलली तरी नेम चुकतो. काका कुऱ्हाड शोधायला निघाले. आई म्हणाली, "झाडाला हात लावायचा नाही." मग कंपनीच्या माणसाला बोलावलं. अंगणात, लिंबापासून लांब काँक्रीटमध्ये खांब रोवला आणि सिग्नलचा आकडा बघत त्यानं डिश नव्यानं लावली.

बाकीचं घरचंच काम. राउटर दोन फुटी भिंतीआड, लोखंडी कपाटाशेजारी होता. तो सोप्यात आणला, लॅपटॉपला थेट केबल जोडली. फोनचे आपोआप होणारे अपडेट आणि फोटो बॅकअप दिवसा बंद. वीज जाते म्हणून छोटा यूपीएस.

सोमवारी कॉल लागला. आवाज स्वच्छ! अर्धा सेकंद होताच, म्हणून बोलून झालं की एक श्वास थांबायचं. जोराच्या पावसात मात्र सिग्नल पडतो, तेव्हा व्हिडिओ बंद करून निव्वळ आवाजावर भागवायचं.

पुढचा रस्ता खालच्या कक्षेतून जातो. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवर, त्यामुळे उशीर कितीतरी कमी. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारनं त्यांच्याशी इरादापत्र केलं. दुर्गम जिल्ह्यांच्या त्या यादीत आमच्या शेजारचं धाराशिवही आहे.

पण लिंब तिथेही आडवा येणारच. तेव्हा गावी गेलात, की नेटला शिव्या घालण्याआधी एकदा माळवदावर चढा.

मी महिनाभर राहिलो. चटणी जातानाच घेतली.