मेंढपाळाचा एक दिवस

‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही ध्वनिमुद्रिका एच.एम.व्ही.ने १९६७ मध्ये काढली. संतूरवर शिवकुमार शर्मा, गिटारवर ब्रिजभूषण काबरा, बासरीवर हरिप्रसाद चौरसिया आणि तबल्यावर माणिकराव पोपटकर. निर्माते जी. एन. जोशी, म्हणजे मराठी भावगीताचे आद्य गायक. काश्मिरी मेंढपाळाचा पहाटेपासून रात्रीपर्यंतचा दिवस रागांतून उभा करायचा, ही तिची कल्पना. अहिल्यानगर जिल्ह्याच्या माळावर मेंढरं राखणाऱ्या धनगरालाही तो दिवस अनोळखी वाटणार नाही.

संतूर आणि गिटार ही दोन्ही तंतुवाद्यं तेव्हा रागसंगीताच्या मैफलीत नवखी होती. संतूर कलमांनी, म्हणजे हलक्या काड्यांनी, वाजतं. आघात होताच स्वर विरू लागतो आणि मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणं, घेता येत नाही. मींडेवाचून राग कसा मांडणार, हा आक्षेप खराच होता. शर्मांनी त्याला वाजवूनच उत्तर दिलं. कलम तारांवर हलकेच थरथरवत, सुटे स्वर एकमेकांत मिसळतील इतकं नाजूक. काबरा हे अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. त्यांनी गिटार आडवी ठेवली आणि तारांवरून पोलादी कांडी सरकवून गळ्यासारखी सलग मींड काढली. संतूरचे थेंब आणि गिटारची धार शेजारी आले, आणि एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढली.

पहाटेला अहिरभैरव, मग नटभैरव. ही निवड फार विचाराची आहे. अहिरभैरवात रिषभ-निषाद कोमल आणि धैवत शुद्ध. नटभैरवात नेमकं उलट. षड्ज, गंधार, मध्यम, पंचम जागचे हलत नाहीत, तरी उजाडल्याचं कानाला कळतं. पुढे दुपारचा पिलू येतो, संध्याकाळी भूप येतो. भूप झपतालाच्या १० मात्रांत बांधलेला आहे आणि मध्यम-निषाद वर्ज्य असल्याने त्यात मोकळं अवकाश राहतं. रात्रीला देस, शेवटी पहाडी.

जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू जेमतेम ३ मिनिटांत संपे. एवढा दिवस तिच्यात मावला नसता. दीर्घ ध्वनिमुद्रिकेमुळेच तो शक्य झाला. आज यातले तुकडे सुटे ऐकले जातात, आणि त्यात मोठं नुकसान होतं. रसिकांनी ही ध्वनिमुद्रिका एका बैठकीत, मूळ क्रमानेच ऐकावी.