विद्यापीठातली पक्षीफेरी
पुण्यात गणेशखिंडीतल्या विद्यापीठाचा परिसर 411 एकरांचा, जुन्या वडांनी भरलेला. अशा ठिकाणची साप्ताहिक पक्षीफेरी डोळ्यांपेक्षा कानांवर चालते. तांबटाची एकसुरी टुकटुक सुरू असते. पक्षी काही पानांत सापडत नाही. गटाचा उपयोग इथेच: एकाला दिसलेला पक्षी फांदीच्या खुणेने सगळ्यांना दाखवता येतो. (बोलघेवडे जास्त असले की तो उडतोच.) राखी धनेशाची मादी विणीच्या काळात ढोलीचे तोंड लिंपून स्वतःला कोंडून घेते आणि नर उरलेल्या फटीतून तिला वडा-उंबराची फळे भरवतो. तिथे लांबच थांबावे. नोंदीत जात, संख्या, वेळ येते. साळुंक्या, कावळे मोजणे कंटाळवाणे खरे. पण पुढच्या वर्षांची तुलना होते ती याच आकड्यांवर.